कागदावरचा फासा आणि बाजारातला फासा



नवीन धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक आकडा असतो. कुणी म्हणतं, "दहा दुकानं फिरलो की दोन तरी माल ठेवतात." कुणाच्या प्रकल्प अहवालात लिहिलेलं असतं, "महिन्याला ३६ ऑर्डर." बियाण्याच्या पिशवीवर छापलेलं असतं, "उगवण ७० टक्के." हे सगळे कागदावरचे आकडे आहेत. मग प्रत्यक्ष काम सुरू होतं, पहिला महिना जातो आणि वहीत दुसराच आकडा दिसतो.

इथं माणसं दोन प्रकारे फसतात. काही जण पहिल्याच वाईट आठवड्यात म्हणतात, "हा धंदा आपल्या नशिबात नाही," आणि चांगलं चालू शकणारं काम बंद करतात. काही जण वर्षभर तोटा सोसत बसतात, कारण "कागदावर तर फायदा दिसतोय ना!" दोघांचीही घरची पुंजी जाते. म्हणून आज एकच प्रश्न घेऊया: कागदावरचा आकडा आणि अनुभवातला आकडा यांत फरक पडला, तर तो नुसता योगायोग आहे की खरंच काही बिघडलंय, हे ओळखायचं कसं?

हे शिकायला एक साधा लुडोचा फासा पुरतो.

दोन शक्यता, दोन वेगळ्या गोष्टी

दहावीच्या गणितात संभाव्यतेचा धडा होता, आठवतोय? फाशाला सहा बाजू. सगळ्या सारख्या. म्हणून सहा पडण्याची शक्यता सहात एक, म्हणजे साधारण १६.७ टक्के. हे सांगायला फासा हातातसुद्धा घ्यावा लागत नाही. ही झाली सैद्धांतिक संभाव्यता. आपण तिला 'कागदावरची शक्यता' म्हणूया.

आता फासा खरोखर ६० वेळा टाका आणि सहा किती वेळा पडला ते मोजा. समजा १३ वेळा पडला. १३ भागिले ६०, म्हणजे साधारण २१.७ टक्के. ही झाली प्रायोगिक संभाव्यता, म्हणजे 'अनुभवाची शक्यता'.

कागदावरच्या शक्यतेमागे एक गृहीत लपलेलं असतं: फासा सरळ आहे, सहाही बाजू सारख्या आहेत. अनुभवाची शक्यता असं काही गृहीत धरत नाही. ती फक्त घडलं ते सांगते. पण तिचीही एक खोड आहे. थोड्या वेळा टाकलं, तर ती काहीही सांगू शकते.

आणि धंद्यात तर आणखी एक अडचण. फाशाच्या बाजू मोजता येतात, गिऱ्हाईकाच्या मनाच्या बाजू मोजता येत नाहीत. "चाललं तर चाललं, नाहीतर नाही, फिफ्टी-फिफ्टी!" असं आपण सहज बोलतो. पण शक्यता दोन आहेत म्हणून त्या सारख्या होत नाहीत. फाशावर सहा पडेल किंवा पडणार नाही, याही दोनच शक्यता आहेत. पण एक १७ टक्के आहे आणि दुसरी ८३ टक्के. दोन दारं दिसली म्हणून दोन्ही सारखी उघडी असतात असं नाही.

सहा वेळा टाकला, तरी सहा पडलाच नाही

"सहात एक" ऐकलं की मन म्हणतं, सहा वेळा टाकला तर एकदा तरी सहा पडणारच. प्रत्यक्षात सहा वेळा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता ३३.५ टक्के आहे. म्हणजे तिघांनी सहा-सहा वेळा फासा टाकला, तर सरासरी एकाच्या हाती काहीच लागत नाही. फासा मात्र तिघांचाही सरळच!

टाकण्याची संख्या वाढवली की ही शक्यता कशी उतरते बघा:

- ६ वेळा टाकून एकदाही सहा नाही: ३३.५ टक्के
- १० वेळा: १६.२ टक्के
- १२ वेळा: ११.२ टक्के
- २० वेळा: २.६ टक्के
- २४ वेळा: १.३ टक्के

आणि सहा वेळा टाकून एक, दोन, तीन, चार, पाच, सहा प्रत्येकी बरोबर एकदाच पडण्याची शक्यता किती? फक्त दीड टक्का. म्हणजे कागदावर जे 'आदर्श' दिसतं, ते थोड्या डावांत जवळजवळ कधीच घडत नाही.

आता हेच दुकानावर लावून बघू. समजा, सेलूच्या एका महिला बचत गटानं ज्वारीचा चिवडा बनवायला घेतला. त्यासाठी 'परभणी शक्ती' ही ज्वारी निवडली. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०१८ मध्ये आलेला हा वाण, लोह आणि जस्त जास्त असलेला. सांगण्यासारखी गोष्ट हातात आहे. गटाचा अंदाज असा की सहापैकी एक दुकानदार माल ठेवेल. ताई पिशवी घेऊन निघाल्या. पहिली सहा दुकानं झाली. एकानंही ठेवला नाही.

इथं बहुतेक जण घरी परत येतात. "कुणालाच नको आहे आपला माल." पण वरची यादी परत बघा. अंदाज अगदी बरोबर असला तरी तीनपैकी एका वेळी असंच होणार होतं. सहा दुकानांनी अजून काहीच सांगितलेलं नाही. बाराव्या दुकानालाही 'नाही' ऐकलं, तरी थांबायचं कारण नाही. मात्र वीस दुकानं झाली आणि एकानंही माल ठेवला नाही, तर मग ओट्यावर बसून विचार करायचा. अंदाज खरा असता तर असं शंभरात दोन-तीनदाच घडलं असतं. आता शंका नशिबावर घ्यायची नाही, अंदाजावर घ्यायची. भाव जास्त आहे का? पाकीट साधं दिसतंय का? दुकानदाराला मार्जिन कमी पडतंय का?

सहाव्या दुकानावरून परत येणं आणि साठाव्या दुकानापर्यंत काहीही न बदलता चालत राहणं, दोन्हीत नुकसान आहे.

"आता तरी दान पडेल!"

सारीपाटापासून आपल्या भाषेत एक शब्द आला आहे: दान. फासे टाकल्यावर जे पडतं ते दान. "दान मनासारखं पडलं नाही" असं आपण अजूनही म्हणतो. आणि हरणारा गडी काय म्हणतो? "इतक्या वेळा नाही पडलं, आता तरी पडेलच!"

नाही. फाशाला आठवण नसते. दहा वेळा सहा पडला नाही, तरी अकराव्या वेळी शक्यता सहात एकच. फासा तुमचं काही देणं लागत नाही. त्याचप्रमाणे तीन महिने मंदी गेली म्हणून चौथा महिना तेजीचा असेल, असं बाजारानं कुणाला लिहून दिलेलं नाही.

मग लोक विचारतात, "सर, तुम्हीच म्हणता ना की जास्त वेळा टाकलं की आकडा कागदाजवळ येतो? मग मागची तूट भरून निघतच असणार." हा गैरसमज फार महागात पडतो, म्हणून नीट समजून घ्या. सरळ फासा टाकला तर सहाची मोजणी साधारण कुठून कुठपर्यंत जाऊ शकते, ते असं:

- ६० वेळा टाकला: अपेक्षा १०, प्रत्यक्षात ४ ते १६
- ६०० वेळा: अपेक्षा १००, प्रत्यक्षात ८२ ते ११८
- ६,००० वेळा: अपेक्षा १,०००, प्रत्यक्षात ९४२ ते १,०५८

(शंभरातल्या ९५ वेळा मोजणी या पट्ट्यात राहते.)

आता दोन गोष्टी बघा. टक्क्यांत फरक कमी होत गेला: पहिल्या वेळी १० टक्क्यांचा हेलकावा, मग ३ टक्क्यांचा, मग एका टक्क्याचा. पण नगात फरक वाढत गेला: ६, मग १८, मग ५८! म्हणजे मागची तूट भरून निघत नाही. नवीन डावांच्या ढिगात ती फक्त छोटी दिसायला लागते. टक्केवारी सुधारते, खिशातून गेलेले पैसे परत येत नाहीत.

मोठ्या संख्येचा हा नियम स्विस गणिती याकोब बर्नुली यानं सिद्ध केला आणि तो त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ मध्ये छापून आला. तीनशे वर्षं झाली, पण बाजारात अजूनही हा नियम अर्धाच ऐकला जातो. "शेवटी सगळं सरासरीला येतं" एवढंच लोक ऐकतात. 'शेवटी' म्हणजे किती वेळा टाकल्यावर, आणि तोपर्यंत घर कशावर चालवायचं, हे कुणी विचारत नाही.

फासाच वाकडा असेल तर?

आतापर्यंत आपण धरून चाललो की फासा सरळ आहे. पण खरा फासा तसा असतो का?

१८९४ मध्ये इंग्लंडमधल्या वेल्डन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं हे तपासलं. त्याच्याकडे १२ फाशांची २६,३०६ वेळा टाकून केलेली नोंद होती. म्हणजे एकूण ३,१५,६७२ फासे! पाच किंवा सहा पडण्याची कागदावरची शक्यता तीनात एक, म्हणजे ३३.३३ टक्के. त्या हिशोबानं १,०५,२२४ वेळा पाच-सहा पडायला हवे होते. प्रत्यक्षात पडले १,०६,६०२ वेळा, म्हणजे ३३.७७ टक्के.

फरक किती? शंभर डावांत अर्धा डावसुद्धा नाही! पण इतक्या प्रचंड मोजणीत १,३७८ चा फरक नुसत्या योगायोगानं पडत नाही. कार्ल पिअरसन या संख्याशास्त्रज्ञानं १९०० साली याच नोंदीवर आपली प्रसिद्ध कसोटी लावून दाखवली: हे फासे सरळ नाहीत. कारण साधं होतं. फाशावरचे ठिपके कोरलेले असतात. सहाच्या बाजूला सहा खड्डे, तिच्या समोरच्या एकच्या बाजूला एकच खड्डा. जास्त कोरलेली बाजू किंचित हलकी, म्हणून ती वर राहण्याकडे कल.

यातून आपल्यासाठी धडा असा: कागद खोटा नव्हता, त्याचं गृहीत खऱ्या फाशाला लागू नव्हतं. आणि दुसरा धडा त्याहून कामाचा: बारीक खोट पकडायला लाखो डाव लागतात, पण मोठी खोट लवकर दिसते. तुमच्या धंद्यात अर्ध्या टक्क्याची खोट शोधत बसू नका. अंदाज सहात एकचा होता आणि येतंय तीसात एक, ही खोट साठ दुकानांतच उघडी पडते. तेवढी पकडली तरी पुरे.

आपल्या शिवारातला प्रयोग: शंभर दाणे

कागद विरुद्ध अनुभव हा हिशोब परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला नवीन नाही. दर वर्षी मृग जवळ आला की तो गोणपाटावर मांडला जातो.

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असली पाहिजे, हे ठरलेलं प्रमाण आहे. पिशवीवरचा हा आकडा म्हणजे कागदावरची शक्यता. २०२० च्या खरिपात परभणीसह मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. बियाणं, खत, पेरणीची मजुरी, सगळं मातीत. दुबार पेरणीचा खर्च वेगळा. कागदावरच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबणं किती महाग पडतं, हे आपल्या भागानं बघितलेलं आहे.

म्हणूनच कृषी विभाग दर वर्षी सांगतो: पेरणीआधी घरीच उगवण तपासा. ओलं गोणपाट घ्या, दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडा, गुंडाळून सावलीत ओलसर ठेवा, सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. ही झाली अनुभवाची शक्यता, आणि तीही चार आण्याच्या खर्चात!

आता फाशाचा हिशोब इथं लावू. बियाणं खरोखर ७० टक्के उगवणारं असेल, तर:

- १० दाण्यांत ४ पासून १० पर्यंत कितीही उगवू शकतात
- १०० दाण्यांत साधारण ६१ ते ७९
- ४०० दाण्यांत साधारण ६५ ते ७५ टक्के

म्हणजे दहा दाणे वाटीत भिजवून "पाचच उगवले, बियाणं खराब" म्हणणं चूक, आणि "नऊ उगवले, बियाणं फक्कड" म्हणणंही तेवढंच चूक. शंभरात ६६ उगवले तरी घाबरायचं कारण नाही. अजून एक-दोनदा शंभर-शंभर दाणे लावून बघा. पण शंभरात ५० आले, तर तो योगायोग नाही. बियाणं चाचणी प्रयोगशाळेत १०० चे चार गट करून ४०० दाणे तपासतात, ते उगाच नाही.

शेतकरी इथं थांबत नाही, तो निर्णय बदलतो. ही गोष्ट उद्योजकानं शिकण्यासारखी आहे. ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो बियाणं लागतं. उगवण ६० टक्केच दिसली तर हिशोब होतो ३० गुणिले ७०, भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. मोजलं, फरक दिसला, प्रमाण बदललं. रडारड नाही.

एक पथ्य मात्र आहे. गोणपाटावरचे दाणे आणि रानातले दाणे यांची परिस्थिती एक नसते. रानात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरलं किंवा दाणा फार खोल गेला, तर गोणपाटावरचे ७५ टक्के रानात दिसत नाहीत. प्रयोग ज्या परिस्थितीत केला, आकडा त्याच परिस्थितीचा असतो. फेब्रुवारीत परभणीच्या उरुसात स्टॉल लावून चार दिवसांत जो गल्ला भरला, त्याला भागाकार-गुणाकार करून वर्षाची विक्री काढू नका. तो वेगळा फासा आहे. तसंच एकाच गल्लीतली पाच दुकानं म्हणजे पाच वेगळे डाव नव्हेत. ते दुकानदार एकमेकांशी बोलतात. जिंतूर, मानवत, गंगाखेड अशा वेगवेगळ्या बाजारपेठांत फिरलात तरच मोजणी खरी.

वहीत वापरायचे तीन ठोकताळे

आता कामाचं. यासाठी मोबाइलमधला कॅलक्युलेटर पुरतो.

पहिला: दुप्पट वर्गमुळाचा पट्टा. तुमची अपेक्षा जी संख्या असेल, तिचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा. तेवढं वर-खाली होणं नैसर्गिक समजा. महिन्याला ३६ ऑर्डरची अपेक्षा आहे? ३६ चं वर्गमूळ ६, दुप्पट १२. म्हणजे २४ ते ४८ ऑर्डर हा नेहमीचा हेलकावा. २८ आल्या म्हणून कामगाराला ओरडू नका, ४५ आल्या म्हणून दुसरं मशीन बुक करू नका. पण १८ आल्या, तर कारण शोधा. हा ठोकताळा क्वचित घडणाऱ्या गोष्टींना लागू पडतो. उगवणीसारखा मोठा टक्का असेल तर उलटी बाजू, म्हणजे न उगवलेले दाणे मोजा.

आणि इथंच कर्जाचा खरा प्रश्न येतो. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. चांगली गोष्ट आहे, जरूर घ्या. पण बाकीचं कर्ज तुमचंच असतं. प्रकल्प अहवालात हप्ता बसवलेला असतो ३६ ऑर्डरवर. बँकेचा हप्ता सरासरीवर चालत नाही, तो दर महिन्याच्या तारखेला येतो. म्हणून सही करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: "२४ ऑर्डरच्या महिन्यात मी हप्ता भरू शकतो का?" उत्तर 'हो' असेल तर पुढे चला. 'नाही' असेल तर मशीन लहान घ्या, मुदत वाढवून मागा किंवा तीन-चार हप्त्यांची रक्कम आधी बाजूला काढून ठेवा. प्रकल्प अहवाल वाचताना माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच, आणि बहुतेक अहवालांत ती लिहिलेलीच नसते.

दुसरा: तीनचा नियम. "सर, ३० पाकिटं विकली, एकही तक्रार नाही. माल शंभर टक्के चांगला!" थांबा. शून्य तक्रार म्हणजे शून्य खोट नव्हे. ३ ला विकलेल्या नगांनी भागा. ३ भागिले ३० म्हणजे १० टक्के. म्हणजे दहात एक पाकीट खराब निघत असलं तरी ३० पाकिटांत ते न दिसण्याची थोडी शक्यता असते. ३०० पाकिटं विनातक्रार गेली, तर खोट एका टक्क्याच्या आत आहे असं बऱ्यापैकी विश्वासानं म्हणता येतं. मोठ्या व्यापाऱ्याला हजार पाकिटांचा शब्द देण्याआधी हे बघाच. आणि तक्रार न करता गुपचूप दुसऱ्याचा माल घेणारं गिऱ्हाईकही असतं, म्हणून परत येणारे किती तेही मोजा.

तिसरा: भांडवलाचे तुकडे. समजा एक खेळ आहे. एक रुपया लावायचा, सहा पडला तर सात रुपये मिळणार. सहात एक शक्यता आणि सातपट पैसे, म्हणजे कागदावर खेळ फायद्याचा. (जुगार खेळा असं मी सांगत नाही, हिशोब समजून घ्या!) तुमच्याकडे दहा रुपये आहेत. पाच-पाच रुपयांचे दोनच डाव लावले, तर दोन्ही जाऊन खिसा रिकामा होण्याची शक्यता ६९ टक्के. एक-एक रुपयाचे दहा डाव लावले, तर १६ टक्के. आठ-आठ आण्यांचे वीस डाव लावले, तर फक्त २.६ टक्के. खेळ तोच, पैसे तेवढेच, फासाही तोच. फायद्याचा धंदासुद्धा बुडतो, कारण दान पडेपर्यंत मालक टिकत नाही.

म्हणून पहिलाच माल पाच क्विंटलचा काढू नका. वीस-वीस किलोच्या खेपा काढा. पहिल्या दिवशी दोन लाखांचं फर्निचर नको, आधी आठवडी बाजारात टेबल मांडा. तुमच्या पुंजीत जितके डाव बसतील, तितकी तुम्हाला शिकायची संधी.

नल राजानं काय केलं?

फाशाचा विषय निघाला की आपल्याला शकुनी आठवतो. पण उद्योजकानं आठवावा नल राजा. महाभारताच्या वनपर्वात त्याची कथा आहे. फाशांत सगळं राज्य घालवून नल दुसऱ्याच्या घरी सारथी झाला. प्रवासात ऋतुपर्ण राजानं एका बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याची पानं-फळं किती ते सांगून टाकलं. नलानं नुसती मान डोलावली नाही. घाई होती, तरी रथ थांबवला, खाली उतरून मोजलं, आणि आकडा जुळला तेव्हाच विश्वास ठेवला. मग त्याच्याकडून फाशांची विद्या शिकला आणि गेलेलं राज्य परत मिळवलं.

अंदाज करणारा ऋतुपर्ण आणि उतरून मोजणारा नल, धंद्याला दोघंही लागतात. अंदाज नसेल तर कुठं निघालोय ते कळत नाही. मोजणी नसेल तर कुठं पोहोचलोय ते कळत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरातला लुडोचा फासा घ्या, ६० वेळा टाका, मुलांना नोंद करायला बसवा. प्रत्येक दहा डावांनंतर सहाची टक्केवारी लिहा. सुरुवातीला ती कशी उड्या मारते आणि नंतर कशी शांत होते, हे डोळ्यांनी बघा.

२. तुमच्या धंद्यातला एक 'कागदी' आकडा निवडा. एकच. वहीच्या डाव्या पानावर तो लिहा आणि त्याखाली त्याची गृहीतं लिहा: कुठला बाजार, कुठला हंगाम, किती भाव.

३. उजव्या पानावर रोज दोनच रकाने भरा: किती जणांना विचारलं, किती जण 'हो' म्हणाले. 'नाही' म्हणणारे लिहायला लाजू नका. भागाकार त्यांच्याशिवाय होत नाही.

४. निदान साठ नोंदी होईपर्यंत निकाल लावू नका. मग दुप्पट वर्गमुळाचा पट्टा काढा. आत असाल तर काम चालू ठेवा. बाहेर असाल तर फासा तपासा: भाव, पाकीट, जागा, गिऱ्हाईक. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू करा.

वही दहा-वीस रुपयांची येते. तिच्यात साठ ओळी भरल्यावर जे कळतं, ते प्रकल्प अहवाल छापून देणारा सांगू शकत नाही, कारण त्यानं तुमचा फासा कधी टाकलेलाच नसतो.

लागा कामाला. भेटूया पुढच्या लेखात!